शिबिर पाहायचा कार्यक्रम

बारावीची परीक्षा संपली की खेळाडू निवडणारी शिबिरं आपापलं मैदान काखोटीला मारतात आणि पाहायच्या कार्यक्रमाला घरोघर चालत येतात. नांदगिरीत ही रीत इतकी रुळली आहे की चैत्रात वाण्याकडचे जाडे पोहे संपतात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. खेळाडूनं शिबिर पसंत करायचं, शिबिरानं त्याला सोबत न्यायचं आणि तिथं कॉलेजच्या माणसानं खेळ बघून ठरवायचं. मात्र एका हंगामात एकच शिबिर. ठरलं की ठरलं.

पूर्वा थोरवत खो-खो खेळायची. कॉलेजनं खेळाडू म्हणून घेतलं तर शहर, वसतिगृह आणि रोज संध्याकाळी मैदान. नाही घेतलं तर वडिलांचं रंगाचं दुकान, आणि तिथं डिस्टेंपरचे डबे ढवळणं. पण तिच्या मनात याहून साधी एक गोष्ट होती. आपला खेळ जाणत्या माणसाला कसा दिसतो, हे तिला एकदा ऐकायचं होतं. शाळेचे क्रीडाशिक्षक सामना चालू असताना भूगोलाचे पेपर तपासत, आणि शिट्टी कुणीतरी कोपर मारल्यावर वाजवत.

कार्यक्रमाची सूत्रं कुसुमआत्याकडे होती. निम्म्या तालुक्याची लग्नं आत्यानं जमवली होती. स्थळ असो की शिबिर, पारखायची पद्धत एकच, असं तिचं मत होतं.

पहिलं शिबिर आलं ते कमानीसकट. कमान फाटकात अडकली, तेव्हा वडिलांनी फाटकाची एक फळी काढून दिली. शिबिर अंगणात आलं, मैदान सतरंजीसारखं अंगाखाली दुमडून ऐसपैस बसलं आणि भोंग्यातून खाकरलं.

"कुमारी पूर्णिमा," ते म्हणालं, "आपली खास निवड झाल्याचं कळवताना आम्हांला अत्यानंद होत आहे."

"पूर्वा," पूर्वा म्हणाली.

"त्यांचीही झाली आहे."

आत्यानं पोह्यांची बशी पुढं केली आणि पदर खोचला. "जरा चालून दाखवा बघू."

शिबिर उठलं आणि तुळशीपर्यंत जाऊन आलं. चाल दणदणीत होती. झेंडे फडफडले, पाण्याच्या टाक्या डचमळल्या.

"चाल बरी हाय," आत्या म्हणाली. "आमच्या शेजारच्या दाभोळ्यांच्या पोराकडंबी तुम्हीच गेलता न्हवं? त्यो कॅरम खेळतो."

"त्यांच्यातही आम्हांला खो-खोचे गुण दिसले."

"मागल्या साली तुमच्याकडनं किती पोरी कॉलेजात लागल्या?"

"असंख्य."

"एकीचं नाव सांगा."

शिबिरानं पोह्यांची तारीफ केली.

पूर्वाला मात्र आता त्या शिबिराचं कुतूहल वाटू लागलं होतं. तिनं विचारलं, "मी तुमच्या मैदानावर पळून बघू का?"

शिबिरानं आढेवेढे न घेता मैदान उलगडलं. ते अंगण भरून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांपर्यंत गेलं. माती चाळलेली, खांब गुळगुळीत, रेघा पांढऱ्याशुभ्र. असं मैदान पूर्वानं पाहिलं नव्हतं. ती जीव तोडून पळाली, दोन्ही खांबांना वळसे घातले आणि धापा टाकत वर बघितलं. मांडवाखाली एकच उंच खुर्ची होती. तिच्या पाठीवर नवाकोरा टॉवेल होता, आणि टॉवेलावरची प्लास्टिकची पिशवी अजून तशीच होती. खुर्ची रिकामी होती.

"इथं कोण बसतं?"

"निवड प्रमुख. सर येतीलच."

"मागच्या वर्षी आले होते?"

"निघाले होते," शिबिर म्हणालं. ते खोटं बोलतंय असं पूर्वाला वाटलं नाही. त्याचाही सरांवर विश्वास होता.

ते ऊन उतरता उतरता जायला उठलं आणि नेमकी तेव्हाच घोटाळ्याची गोष्ट घडली. पूर्वाचे वडील शामराव हे व्यापारी मंडळाचे चिटणीस. दारी आलेल्या पाहुण्याला श्रीफळ दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. वीजमंडळाचा माणूस मीटर बघायला आला तरी त्याला नारळ मिळे. त्यांनी सवयीनं शिबिराच्या हातात नारळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

शिबिर मटकन खाली बसलं. "म्हणजे ठरलं," ते म्हणालं.

"अहो, तो सत्काराचा," शामराव म्हणाले.

"आमच्यात नारळ दिला की ठरतं."

शामरावांचा चेहरा उतरला. एका नारळापायी लेकीचं वर्ष गेलं, हे त्यांना लख्ख दिसत होतं, आणि पूर्वालाही दिसत होतं. मोठं घर पोकळ वासा, आणि त्या वाशाला आता आपल्याला टांगणार.

आत्या मात्र शांतपणे बशा गोळा करत होती. "नारळ दिलाय," ती म्हणाली, "फोडलाय कुठं? तुमच्याकडच्या मोठ्या माणसानं पोरीसमोर फोडावा लागतो. तवा ठरतं. तुमच्यातबी असंच असंल की."

शिबिरानं विचार केला. "असंच आहे," त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं.

"मग बोलवा."

"सर येतीलच," असं म्हणून शिबिर नारळ मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिलं. त्याला हाकलायचं कुणाच्या मनात आलं नाही. पाहुणा तो पाहुणा.

दुसरं शिबिर दोनच दिवसांनी आलं. ते फाटकाबाहेरच घुटमळत होतं. कमान नव्हती, भोंगा नव्हता. मैदान ठिगळाठिगळांचं, आणि एक खांब किंचित कललेला. मैदानाच्या कडेला घडीच्या लोखंडी खुर्चीवर सुती साडी आणि पांढरे बूट घातलेल्या एक बाई बडीशेप चघळत बसल्या होत्या. कॉलेजच्या खो-खो संघाच्या त्या प्रशिक्षक.

"चालून दाखवा," आत्या म्हणाली.

"मला नीट चालता येत नाही," शिबिर हळू आवाजात म्हणालं. "बाई बसलेल्या असतात. खुर्ची हलली की त्यांना दिसत नाही."

आत्यानं भुवया उंचावल्या. या पद्धतीचं उत्तर तिला कुठल्याच स्थळाकडून मिळालं नव्हतं.

"यंदा जागा एकच हाय," बाई स्वतःच बोलल्या. "तीबी बसून खो घेणारीची. तू पळणारी दिसतीस. आलीस तरी घेईनच असं न्हाई. खोटं कशाला सांगू? पळ बघू."

पूर्वा त्या ठिगळांच्या मैदानावर पळाली. नेहमीपेक्षा वाईटच पळाली, कारण पहिल्यांदाच कुणीतरी बघत होतं आणि ते बघणं तिला पाठीवर उन्हासारखं कळत होतं. ती थांबली. बाईंनी बडीशेप चघळणं थांबवलं होतं.

"खांबाला वळताना डावा पाय उशिरा उचलतीस," बाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं न्हाई?"

"नाही."

"वेग हाय. वळणात सांडतीस सगळा."

एवढंच. पण पूर्वाला इतका आनंद झाला की तिला रडू आलं. आठवीपासून ती त्या पायानं पळत होती आणि आज कुणीतरी तो पाय पाहिला होता.

"हे," ती आत्याला म्हणाली.

"अगं, जागा एक, तीबी तुझ्या कामाची न्हाई."

"हेच."

अंगणातल्या मोठ्या शिबिराकडे सगळ्यांनी एकदा बघून घेतलं. नारळ अजून फुटलेला नव्हता, त्यामुळे त्याला हरकत घेता येईना. पूर्वा बॅग घेऊन धाकट्या शिबिराच्या रांगेत, एका चौकोनात, उकिडवी बसली आणि शिबिर तिला घेऊन सावकाश, खुर्ची न हलवता, निघून गेलं.

आठवडाभरानं त्यानं तिला परत आणून सोडलं. जागा पलीकडच्या तालुक्यातल्या एका मुलीला मिळाली होती. ती मुलगी खरंच चांगली बसायची, हे पूर्वानंही मान्य केलं. बाईंनी पुढच्या वर्षाचं काही कबूल केलं नाही. नुसतं "पाय" म्हणाल्या.

मग पूर्वा दुकानात डिस्टेंपर ढवळू लागली. मोठं शिबिर अंगणातच होतं. त्याच्या दोऱ्यांवर आत्या धुणं वाळत घाली, शामराव त्याला सकाळी चहा नेऊन देत. ते अधूनमधून रस्त्याकडे बघे आणि "सर येतीलच" म्हणे, पण पावसाळ्यानंतर त्याचा आवाज बसला. पूर्वा रोज पहाटे त्याची परवानगी घेऊन त्याच्या चाळलेल्या मातीवर पळे. खांब, वळण, डावा पाय. खांब, वळण, डावा पाय. टॉवेलाची खुर्ची रिकामीच असे. पण हिवाळ्यात केव्हातरी तिच्या लक्षात आलं की ती वळली की भोंगा किंचित तिच्या बाजूला वळतो.

पुढल्या चैत्रात धाकटं शिबिर न बोलावता फाटकाच्या आत येऊन उभं राहिलं. एकाच दारी दुसऱ्यांदा यायची शिबिरांमध्ये रीत नाही, त्यामुळे ते फार संकोचलं होतं.

"बाईंनी विचारलंय," ते म्हणालं, "पाय उचलते का?"

"उचलते," पूर्वानं तोंड उघडायच्या आत मोठं शिबिर घोगऱ्या आवाजात म्हणालं. "दिवाळीपासून उचलते. आधी उजव्या खांबाला जमलं, मग डाव्याला."

बाई खुर्चीवरून उठल्या. तसं करताना त्यांना याआधी कुणी पाहिलं नव्हतं. "पळ," त्या म्हणाल्या. पूर्वा मोठ्या शिबिराच्या मैदानावर पळाली, खांबाला वळली आणि वेग सांडला नाही.

"यंदा जागा पळणारीची हाय," बाई म्हणाल्या. "बॅग घे."

मोठ्या शिबिरानं मांडीवरचा नारळ उचलून त्यांच्यापुढं धरला. "हा तुम्हीच फोडा," ते भोंगा बाजूला करून म्हणालं. "आमचे सर काही येत नाहीत."

बाईंनी नारळ खांबाच्या बुंध्याशी फोडला. वर्षभरात त्याचा खुळखुळणारा गोटा झाला होता. पाणी नव्हतं, पण खोबरं गोड निघालं. आत्यानं सगळ्यांना तुकडे वाटले, मोठ्या शिबिरालाही दिला, आणि त्यानं तो चावून खाल्ला. मग पूर्वाला घेऊन बाहेर पडताना धाकट्या शिबिराचा कललेला खांब फाटकात अडकू लागला, तेव्हा मोठं शिबिर जरा सरकून बसलं.