घाई करायला आलेला मेव्हणा

जिना चढताना शिंपीकाकांच्या छातीत दुखायचं; ते थांबले की दुखणंही थांबायचं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तवाहिनी अरुंद झालीय, पण दुखणं स्थिर आहे. आधी गोळ्या घेऊन बघू. त्रास राहिलाच तर स्टेंट घालू. घाई नाही."

"हृदयाच्या कामात घाई नाही?" काकांचा मेव्हणा गरजला. "ताई, उद्या काही झालं म्हणजे?"

त्या एका वाक्यानं काकूंची झोप उडाली. गोळ्यांचा गुण यायच्या आतच त्यांनी रडून रडून काकांना स्टेंटसाठी दाखल व्हायला लावलं.

स्टेंट घालायच्या दिवशी सकाळी काका हॉस्पिटलचा हिरवा झगा घालून खिडकीशी बसले होते. खाली बागेत ऊन असं पसरलं होतं, जणू कुणी पिवळ्या रेशमाचं ठाणच उलगडलंय. भारल्यासारखे ते उठले आणि चपला घालून खाली गेले. काकू शोधायला धावल्या. मेव्हण्यानं "जरा पाठ टेकतो" म्हणत रिकाम्या खाटेवर अंग टाकलं, पांघरूण ओढलं. नर्सनं त्यालाच पेशंट समजून गुंगीची गोळी पुढे केली. फुकटच्या औषधाला मेव्हणा कधी नाही म्हणत नसे.

मग खाट तरंगू लागली. छतावरचे दिवे ढगांसारखे डोक्यावरून वाहत गेले. एका दाराशी चंद्रासारखा गोल चेहरा त्याच्यावर वाकला.

"नाव सांगा. मनगटावरची पट्टी कुठंय?"

"मी पेशंट नाही हो," मेव्हणा गोड हसला. "मी नुसता घाई करायला आलोय."

खाट उलटी फिरली.

काकू बागेत पोचल्या, तर काका वरच्या टेकाडावर, झाडाखालच्या बाकावर.

"अहो, एवढा चढ चढलात?"

"चढलो की! दुखलंच नाही." काका म्हणाले, "स्टेंटची भीती वाटत होती गं. पण तुझ्या रडण्याची जास्त."

काकू शेजारी टेकल्या. पानांच्या सावल्या दोघांच्या अंगावर हलत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी काकांना पुन्हा तपासलं. "गोळ्या लागू पडल्यात. थोडा का होईना, स्टेंट घालण्यातही धोका असतो. तो आज कशाला पत्करायचा? घरी जा. दुखणं वाढलं, किंवा बसल्याजागी दुखलं, तर मात्र तडक या."

दुपारी मेव्हणा छातीवर हात ठेवूनच जागा झाला. "झालंसुद्धा? कळलंही नाही!"

"अरे, तुला काही केलेलं नाही!"

"कळतं मला, ताई. पेशंट घाबरू नये म्हणून असंच सांगतात."

फाटकाशी टॅक्सीवाल्यानं विचारलं, "पेशंट पुढे बसणार की मागे?"

काका तोंड उघडणार, तोच मेव्हणा क्षीण आवाजात म्हणाला, "मागे. जरा आडवा होतो."