चौदा नंबर, झाली का?

आमच्या लालबागच्या चाळीत सकाळी सहाच्या सुमाराला दुसऱ्या मजल्यावर एक खणखणीत आवाज होतो, "चौदा नंबर, झाली का?"

चौदा नंबर म्हणजे मी. मला नाव आहे, आडनाव आहे, चाळीत सगळे तात्या म्हणतात. पण हा आवाज देणारी बाई पस्तीसएक वर्षं इस्पितळात नर्स आहे आणि तिच्या लेखी आमची चाळ म्हणजे एक लांबलचक वॉर्ड. खोल्या म्हणजे खाटा. 'झाली का' म्हणजे काय, ते तुम्ही ओळखलंच असेल. पोट साफ झालं का, एवढाच प्रश्न. पण तो ती कानात विचारत नाही. गॅलरीत दात घासणाऱ्यांच्या आणि पाणी भरणाऱ्यांच्या देखत विचारते. अकरा नंबरात नवी सून आली, तिला दुसऱ्याच दिवशी हाक गेली. पोरगी जी आत पळाली ती दुपारपर्यंत बाहेर नाही आली. आता तीच कठड्याला टेकून "झाली, सिस्टर" म्हणून हसत सांगते. सवय होते माणसाला.

बाईचं नाव कालिंदी. राहते सोळा नंबरात. तिचा बाप आणि मी एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात, म्हणजे मागांवर. हिला मी फ्रॉकमध्ये बघितलेली. लग्न केलं नाही. दोन भावांची शिक्षणं केली, लग्नं केली, ते तिकडे डोंबिवली-बदलापूरला गेले. आईबाप वारले. बाई सोळा नंबरात एकटी, पण आवाज असा की घरात दहा माणसं आहेत असं वाटावं.

तिच्या पुढे हात करायची सोय नाही. गणपतीत मी प्रसाद द्यायला हात पुढे केला, तर हिनं मनगट धरलं आणि नजर घड्याळाकडे. मागे रांग थांबलेली. "ब्याण्णव. जिना धावत चढलात?" मग मोदक घेतला. कुणाच्या घरी गेली की बसायच्या आधी खाटेवरची चादर ओढणार आणि कोपरे असे आवळणार की रात्री झोपणाऱ्याला पाय हलवता येऊ नये. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, "काय गो, आमका बांधून ठेवतंस की काय?"

आणि तिचं एक वाक्य. दिवसातून चार वेळा ऐकायचं. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही." औषध घेतलंत? कुठे लिहिलंय? नाही? मग नाही घेतलंत. तिच्या स्वतःच्या ओट्याशेजारी वही टांगलेली आहे. त्यात दूध तापवल्याचीसुद्धा वेळ लिहिलेली. मी विचारलं, "दूध उतू गेला तर?" म्हणाली, "तेही लिहायचं."

तर अशी ही बाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कॉलेजात गेली.

त्या दिवशी मी सरळ विचारलं, "आता कशाक गो? रिटायर होशीत पाच-सहा वर्षांनी."

तिनं बोटं मोजून सांगितलं. नर्सिंगची डिग्री घ्यायची. त्याला आधी डिप्लोमा पाहिजे, तो आहे. कौन्सिलची नोंदणी पाहिजे, आहे. नोकरीचा अनुभव पाहिजे. "तो तर नको एवढा आहे." मग प्रवेश परीक्षा. मग नोकरी सांभाळून तीन वर्षं पुस्तकं, सुट्टीच्या दिवशी वर्ग, हजेरी, असाइनमेंट आणि वॉर्डातली प्रॅक्टिकल. प्रत्येक काम करून दाखवायचं, लॉगबुकात लिहायचं, त्यावर कॉलेजातल्या मॅडमची सही घ्यायची.

"काम कसला?"

"इंजेक्शन, ड्रेसिंग, बाळंतपण."

मी हसलो. "अर्धी लालबाग तुझ्या हातून जन्माक इली. आता बाळंतपण करून दाखवतलंस?"

"दाखवणार."

मला रागच आला. मी चौथी शिकलो आणि गिरणीत लागलो. मला कुणी कागद विचारला नाही. साचा चालवून दाखव म्हणाले, मी दाखवला. मरेपर्यंत मी हे असंच सांगणार. तसं तिला सांगितलं.

"मग मी काय वेगळं करतेय, चौदा नंबर?" ती म्हणाली. "मी पण चालवूनच दाखवतेय."

तिच्यापुढे बोलून उपयोग नसतो. आणि एक गोष्ट मला माहीत होती. बारावी सायन्स झाल्यावर नर्सिंग डिग्रीच्या यादीत हिचं नाव लागलेलं. बापाची गिरणीत पाळी होती म्हणून यादी बघायला मी बरोबर गेलो होतो. इंग्रजी यादी, मला काय कळणार? तिनं नावावर बोट ठेवून दाखवलं. आणि त्याच महिन्यात गिरणी बंद पडली. डिप्लोम्याला महिन्याचे थोडे पैसे मिळायचे, होस्टेलात जेवण मिळायचं. हिनं डिप्लोमा घेतला. डिग्रीचं नाव परत काढलं नाही. पुढे डिग्रीवाल्या पोरी आल्या, हिच्याकडून काम शिकल्या आणि हिच्या वर गेल्या. तेव्हाही हिनं नाव काढलं नाही. फक्त चादरीचे कोपरे जास्त आवळायला लागली, असं माझं म्हणणं.

तीन वर्षांचं पाच वर्षांवर गेलं, कारण मध्ये तिची आई अंथरुणाला खिळली. आई गेली तेव्हा अभ्यासाची मुदत संपत आली होती. सगळं झालं होतं, एक काम उरलं होतं. कुटुंब अभ्यास. एक घर निवडायचं, तिथे पाच वेळा जायचं, घरातल्या रोग्याची तपासणी करायची, सगळं लिहायचं. मग मॅडम येऊन ते घर बघणार आणि सही करणार. सही नाही तर पास नाही, आणि मुदत गेली की सगळं पहिल्यापासून.

तिनं माझं घर निवडलं.

"चाळीत पन्नास घरं आहेत. मीच कशाक?"

"तुमच्याकडे सगळं आहे," ती खूश होऊन म्हणाली. "साखर, प्रेशर, एकटं राहणं आणि हट्ट. एका केसमध्ये एवढं मिळत नाही हो."

मी नाही म्हणालो. कारण वेगळं होतं. नवी चप्पल उजव्या पायाच्या अंगठ्याला चावली होती, तिथे जखम झाली होती. दुखत नव्हती म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग ती काळी पडायला लागली, तसा मी मोजे घालायला लागलो. मे महिन्यात. गॅलरीत हाक आली, "चौदा नंबर, मोजे कशाला? वरातीला निघालात?" मी म्हटलं, थंडी वाजते. मेमध्ये. लालबागला.

मुलगा विरारला, त्याला त्याचे व्याप. सुनेला कळलं की इस्पितळ आलं. आणि इस्पितळात गेलेले आमच्या खात्यातले दोघं पाय तिथेच ठेवून घरी आले होते. मी ठरवलं होतं, मोजा काढायचा नाही.

पण तिची मुदत जाताना बघवेना. मी अट घातली. "पाच वेळा ये. काय लिहायचा ता लिही. पायाक हात लावायचा नाय."

"नाही लावत," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी फाईल घेऊन आली. डोळे बघितले, जीभ बघितली, छाती, पोट, गुडघे. मग पेन थांबलं.

"आता काय?"

"काही नाही. इथे लिहिलंय, डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत तपासणी. मी गुडघ्यापर्यंत लिहिते. मार्क जातील थोडे. जाऊ देत."

आणि फाईल मिटायला लागली. खोटं खोटं मिटत होती, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, एवढ्या वर्षांनी ही पोर परीक्षेला बसली आणि माझ्या मोज्यापायी हिचे मार्क जाणार. मी मोजा काढला.

तिनं वाकून अंगठा बघितला. ओरडलीसुद्धा नाही. मी घाबरलो तो त्यामुळेच. तासाभरात तिनं मला टॅक्सीत घातलं आणि तिच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाला, आणखी आठवड्याभरानं आला असता तर अंगठा काढावा लागला असता.

अडीच महिने ड्रेसिंग चाललं. ड्यूटीला जायच्या आधी ती माझ्या दारात. स्टूल ओढायची, पाय मांडीवर घ्यायची, जखम धुवायची, जुनी पट्टी नाकाजवळ नेऊन वास घ्यायची. "सुधारतोय. कालपेक्षा कमी घाण." हे तिचं कौतुक. मी कण्हलो तर म्हणायची, "दुखतंय? छान. म्हणजे जिवंत आहे."

मग मॅडम यायचा दिवस उजाडला. मी धुवट शर्ट घातला. कालिंदीनं बजावलं, विचारतील तेवढंच बोलायचं. मॅडम असेल तिशीची. आमची कालिंदी तिच्यासमोर उभीच. मला ते आवडलं नाही. मी मनात ठरवलं, आज हिला पैकीच्या पैकी मार्क मिळवून द्यायचे.

"आजोबा, सिस्टर तुमच्याकडे किती वेळा आल्या?"

"किती वेळा? रोज! अडीच महिने. पावसातसुद्धा."

मॅडमनं फाईल बघितली. मग कालिंदीकडे. "इथे पाच भेटी आहेत."

मी कालिंदीकडे बघितलं आणि मला कळलं, मी घात केला. तिचा चेहरा उतरला होता.

"सिस्टर, रेकॉर्ड अपुरं असेल तर मी सही कशी करू? की आजोबा वाढवून सांगतायत?"

वाढवून? मी? मी उठलो आणि दार लोटलं. दाराआड कॅलेंडर आहे. गिरणीत बदलीवाला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर, असताना टाइमकीपरवर माझा भरवसा नव्हता. भरलेल्या पाळीची रेघ मी घरी स्वतः मारायचो. ती सवय अजून आहे. ड्रेसिंग झालं की त्या तारखेवर पेन्सिलीची रेघ. मॅडमसमोर कॅलेंडर धरलं. "मोजा."

मॅडमनं पानं उलटली. हळूच विचारलं, "सिस्टर, हे तुम्ही का नाही लिहिलंत?"

लिहिलं नाही म्हणजे केलं नाही म्हणणारी बाई खाली बघून म्हणाली, "मॅडम, अभ्यासाच्या भेटी पाच होत्या. त्या लिहिल्या. बाकीच्या शेजारच्या होत्या."

मॅडमनं आणखी एक पान उलटलं. मग तिचं बोट कॅलेंडरवर थांबलं. "आणि हे दोन दिवस? इथे रेघ नाही."

"त्या दोन दिवशी नाय इली," मी लगेच म्हणालो. तक्रारीच्या सुरात. दोन सकाळी मी स्टूलावर पाय ठेवून वाट बघत बसलो होतो, रागावलो होतो.

"कुठे होतात?" मॅडमनं कालिंदीला विचारलं.

"घरीच. ताप होता. एकशे तीन."

"जवळ कोण होतं?"

कालिंदी माझ्या खाटेवरच्या चादरीचा कोपरा सारखा करत होती. "मीच होते," ती म्हणाली.

मॅडमनं सही केली. सरळ केली, मोठी केली.

पण माझ्या डोक्यातून ते दोन दिवस जाईनात. चौदा आणि सोळा, मध्ये फक्त पंधरा नंबर. त्या दोन सकाळी गॅलरीत हाक आली नव्हती. उलट आम्ही नळावर म्हणालो होतो, आज बरं शांत वाटतंय. पन्नास घरं, आणि एकानंही सोळा नंबरची कडी वाजवली नाही. मीही नाही. ज्याचा पाय ती रोज मांडीवर घेत होती, तो मी.

दोन महिन्यांनी निकाल लागला. बाई पास झाली. चाळभर पेढे वाटले, साखरवाल्यांना शेंगदाणे. पदवीचा काळा डगला घातलेला तिचा फोटो सोळा नंबरात लागलाय. बापाच्या फोटोशेजारी.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी मी पावणेसहालाच उठलो. पायाच्या दहाच्या दहा बोटांवर चालत गॅलरीत गेलो आणि गिरणीत साच्यांच्या आवाजात ओरडायचो तसा ओरडलो,

"सोळा नंबर, झाली का?"

नळावरचे थांबले. सोळाचं दार उघडलं. केसांना टॉवेल गुंडाळलेली कालिंदी बाहेर आली. तीस वर्षं विचारत आली, पण हिला कुणी विचारलं नव्हतं.

"झाली," ती म्हणाली. मग टॉवेल सावरत, "लिहिलंत का, तात्या?"

"लिवलंय."

या वर्षीच्या कॅलेंडरवर रोज दोन रेघा असतात. एक माझी, एक तिची.