अर्विन टेव्सचे कान आणि ट्रकची खडखड

"पुन्हा सांगते, मला काही ऐकू आलं नाही," अर्विनची बायको हिल्डा म्हणाली आणि पावाला लोणी लावत राहिली.

"येईल कसं? तू आत शेगडीपाशी होतीस. मी बाहेर होतो, उणे एकतीसात," अर्विन टेव्स म्हणाला. "रात्री इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची वायर सॉकेटातून निघाली होती, इंजिन पार गारठलेलं. चावी फिरवली आणि खालून खडखडखड! डब्यात खिळे घालून हलवावेत तसं. मिनिटभर. मग एकदम गप्प."

"अरे, डिझेलचा ट्रक आहे तो. बासरी वाजवणार आहे का?"

अर्विनला हे लागलं. लिंडेनथालसारख्या सस्कॅचेवानातल्या चिमूटभर गावात माणसाची एकेक ख्याती असते, आणि अर्विनची होती ती कानांची. सव्वीस वर्षं तो चर्चचं गायनमंडळ चालवत होता. चाळीस माणसं गात असली तरी कुणाचा सूर घसरला ते तो डोळे मिटून सांगे. गेली तीन वर्षं तर दर तालमीला तो आल्टोंच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या, रांगेकडे बघून म्हणे, "ॲग्नेस, कणभर वर." आणि ॲग्नेस म्हणजे कोण, तर मेनो ड्रिजरची बायको. गावात गॅरेज एकच, तेही मेनोचं. आता बोला!

अर्विन ट्रक घेऊन तिथंच गेला. मेनोनं ट्रकभोवती एक चक्कर मारली. "खडखड गार इंजिनाची ना? मग गरम ट्रक इथं आणून काय ऐकवतोस? आज ठेवून जा. हीटर लावायचा नाही. सकाळी मी स्वतः चालू करतो."

सकाळी आठच्या आत अर्विन हजर. मेनोनं चावी फिरवली. इंजिन असं अलगद सुरू झालं की विचारू नका.

"कुठाय तुझी खडखड?"

"काल होती!"

"काल होती, आज नाही. ताप आहे का तो?"

नऊ वाजेपर्यंत ही बातमी कोऑप दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर पोचली होती. "म्हणजे ट्रक ठणठणीत आणि ह्याला खडखड ऐकू येते," ॲग्नेस हसत म्हणाली. "मग मी तीन वर्षं खाली गाते, तेही ह्याच कानांनी ऐकलं ना यानं?"

बोलली ती गमतीनं, पण टेबलावरच्यांनी ते मनावर घेतलं. तिथल्या प्रत्येकाला अर्विननं कधी ना कधी काहीतरी ऐकवलेलं होतं. हिल्डाचा भाऊ वाल्डो तर मंडळ आपल्या हाती यावं म्हणून या घडीची अकरा वर्षं वाट बघत बसला होता. "माझं काही म्हणणं नाही बाबा," असं म्हणून तो अर्धा तास बोलला. जिल्ह्याचा गायनमेळावा पंधरा दिवसांवर आलेला. शेवटी ठरलं की गुरुवारी दुपारी चर्चची वडीलमंडळी बसतील आणि अर्विनच्या कानांचं काय ते बघतील.

त्या रात्री अर्विनला जेवण गेलं नाही. "हिल्डा, ती खडखड गुरुवारच्या आत दुसऱ्या कुणाच्या तरी कानावर पडली पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर माझं गाणं गेलं गं." त्याचा चेहरा बघून हिल्डानं ओठावर आलेला विनोद गिळला.

सोमवारी ट्रक त्यानं स्वतःच्या अंगणात ठेवला, बिनहीटरचा. मंगळवारी सकाळी मेनोला चक्क हाताला धरून आणलं. चावी फिरवली, आणि पुन्हा तेच. इंजिन गुणी बाळ. अर्विन वैतागून खाली वाकला, तर बंपरखालून एक नारिंगी वायर निघून थेट त्याच्याच भिंतीवरच्या सॉकेटात गेलेली.

"ही कुणी लावली?"

"मी लावली!" शेजारच्या पीटर्सबाईंनी खिडकी फटभर उघडून सांगितलं. "झोपायच्या आधी बघते तर वायर लोंबतेय. म्हटलं, डोक्यात गाणं असतं बिचाऱ्याच्या, विसरला असेल. अरे, आभार कसले मानतोस!"

अर्विन आभार मानत नव्हता. मेनोच्या डोक्यात मात्र काहीतरी आलं आणि त्यानं घरी फोन लावला. "हो, त्या रात्री मीच लावली," ॲग्नेस म्हणाली. "दुसऱ्याचा ट्रक आपल्या दारात गारठू द्यायचा? असं नाही शिकवलं मला माझ्या आईनं."

आता यावर काय बोलणार? लिंडेनथालचे लोक तुमच्या पाठीमागे वाटेल ते बोलतील, पण हिवाळ्यात तुमचा ट्रक बिनहीटरचा उभा राहू देणार नाहीत. उघड्यावर झोपलेलं पोर दिसलं तर पांघरूण घालायला कुणाची परवानगी लागते का?

मंगळवारी संध्याकाळी अर्विननं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत "हीटर लावू नये" असं लिहून बॉनेटवर चिकटवलं. बुधवारी सकाळी समोरच्या घरातून तीन वायरी एकमेकींना जोडून, रस्ता ओलांडून, बर्फातून ट्रकपर्यंत आलेल्या होत्या. सोबत चिठ्ठी: "तुमचा सॉकेट जळालेला दिसतो. आमचा वापरा. सांगायचं ना, संकोच कसला!"

अर्विननं कपाळाला हात लावला. बुधवारी रात्री त्यानं हीटरची वायरच गुंडाळून बॉनेटच्या आत कोंबली. आता लावा म्हणावं काय लावायचं ते!

नेमका त्याच रात्री पारा उणे अडतीसवर गेला. गुरुवारी सकाळी मेनो आणि ॲग्नेस आले. वास लागल्यासारखा वाल्डोही आला. अर्विननं देवाचं नाव घेऊन चावी फिरवली.

"टक्."

बॅटरीनं मान टाकली होती. मेलेला ट्रक गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरातून दिसत होता, त्यामुळे दहा मिनिटांत पाच जण आपापले ट्रक घेऊन मदतीला हजर. केबल जोडल्या, मेनोनं हात केला, अर्विननं चावी फिरवली आणि इंजिन उठलं.

"ऐका! ऐका ना!" अर्विन उडी मारून खाली उतरला. पण भोवती पाच डिझेल इंजिनं धडधडत होती. खडखड सोडा, त्याला स्वतःचं ओरडणंही धड ऐकू येईना.

"गाड्या बंद करा!"

"उणे अडतीसात?" वाल्डो ओरडला. "कानांबरोबर डोकंही गेलं का?"

कुणी हलेना. दुपारी बैठक, आणि हा शेवटचा डाव. अर्विनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पापण्यांवर गोठलं. तेवढ्यात ॲग्नेस चालत मेनोच्या ट्रकपाशी गेली आणि तिनं चावी काढून घेतली.

"बघताय काय? बंद करा सगळ्यांनी. एकदा ऐकवू दे की त्याला!"

ॲग्नेसपुढे मेनोचं काय चालणार आणि मेनोपुढे गिऱ्हाइकांचं काय चालणार? एकेक ट्रक गप्प झाला. अर्विननं आपलंही इंजिन बंद केलं, दम धरला आणि पुन्हा चावी फिरवली.

खडखडखडखड!

मेनो तसाच बर्फात आडवा होऊन ट्रकखाली शिरला. "इंजिनाला लागूनच्या सायलेन्सरच्या नळीवरचा पत्रा! बोल्ट पडलाय एक. गारठला की आकसून वाजतो, तापला की फुगून घट्ट बसतो. अर्विन, लेका, बरोबर होतास तू!"

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हातमोज्यांत त्या नीट वाजल्या नाहीत, पण पिटल्या. अर्विनचा ऊर भरून आला. त्यानं वळून ॲग्नेसकडे बघितलं.

ती टाळ्या वाजवत नव्हती. हातातल्या चावीकडे बघत उभी होती. "म्हणजे तीन वर्षं..." ती स्वतःशीच पुटपुटली.

अर्विनला तेव्हा कुठे कळलं. हिनं गाडी बंद केली नसती तर हिचंच तर बरं होतं. आणि बक्षीस काय मिळालं? सगळ्या गावासमोर बेसूर ठरली.

"कसली खडखड?" अर्विन म्हणाला.

"काय?" ट्रकखालून मेनोचा आवाज आला.

"मला नाही बुवा काही ऐकू येत."

इंजिन अजून खडखडत होतं. पीटर्सबाईंना ते बंद खिडकीतून ऐकू येत होतं. वाल्डोनं शांतपणे सगळ्यांकडे बघितलं. "नव्हती तेव्हा याला ऐकू येत होती. आता आहे, तर येत नाही. मी काही म्हणत नाही."

दुपारची बैठक चार मिनिटांत संपली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मंडळ वाल्डोकडे गेलं. रात्री हिल्डानं सॉसेजचा मोठा तुकडा अर्विनच्या ताटात वाढला. "गाढव आहेस," ती म्हणाली आणि अजून एक वाढला.

पुढच्या तालमीला अर्विन खर्जात गाणाऱ्या बासवाल्यांच्या रांगेत उभा राहिला, बरोबर ॲग्नेसच्या मागे. समोर वाल्डो पानं शोधत होता आणि चाळीस माणसं खोकत होती. ॲग्नेसनं मान वळवली नाही. ओठही जेमतेम हलवून ती श्वासाएवढ्या आवाजात बोलली, "त्या दिवशी ऐकू आली होती ना तुला?"

"नाही गं," अर्विन म्हणाला. लगेच.

ॲग्नेसचे खांदे हसून हलायला लागले. बऱ्याच वेळानं ते थांबले. "बरं," ती तेवढ्याच आवाजात म्हणाली, "मग मी खाली गेले की मागून ढोसत जा."

मेळाव्याच्या रविवारी अर्विननं तिला गीतपुस्तकाच्या कोपऱ्यानं चौदा वेळा ढोसलं. परीक्षकांनी आल्टोंच्या सुरांचं खास कौतुक केलं, आणि वाल्डोनं पुढे होऊन, छातीवर हात ठेवून, वाकून ते स्वीकारलं. ॲग्नेसची पाठ मात्र आठवडाभर दुखत होती.