सबनीसांचे नसते उद्योग

युरोपातल्या बिअर-उद्योगावर अधिकारवाणीने बोलू शकतील अशी जी थोडी माणसं आखातात आहेत, त्यांत आमच्या सबनीसांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. त्यांनी बिअरचा एक घोटही कधी घेतलेला नाही.

सबनीस मूळचे नाशिकचे. नोकरी गॅसच्या पाइपलाइन तपासण्याची. दोहाच्या मुऐदर भागातल्या आमच्या व्हिलाचे मालकाने चार तुकडे करून चार कुटुंबांना दिले होते. त्यातला एक त्यांचा, भिंतीपलीकडचा माझा. दर शुक्रवारी दुपारी भिंतीवर तीनदा टकटक व्हायची. म्हणजे चहा तयार आहे आणि युरोपात काहीतरी वाईट घडलं आहे.

"बसा. बातमी आहे," म्हणत ते चष्मा कपाळावर सरकवत आणि टॅबवरून वाचत. बेल्जियममधल्या एका मठाने बिअर बनवणं थांबवलं, कारण मठात साधूच उरले नाहीत. प्रागमधला एक जुना बार विकला गेला, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नवी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, उघडली तर ती त्यांना बातमी वाटत नसे. बंद पडलेली ब्रुअरी दोनशे वर्षांहून जुनी असेल, तर त्या दिवशी ते गोड खात नसत.

"आज कोण गेलं?" सुनंदावहिनी आतून विचारत.

"डेन्मार्क."

"वय?"

"एकशे सत्तर."

"मग श्रीखंड वाढते."

त्यांची एक वही होती. कोणत्या बारला कोणत्या ट्रामने जायचं, कुठे उभ्यानेच प्यावं लागतं, कुठे रिकाम्या पेल्यावर पुठ्ठ्याची चकती ठेवली नाही तर वेटर न विचारता पुढचा पेला आणून ठेवतो, सगळं तीत होतं. सबनीस यातल्या एकाही ठिकाणी गेले नव्हते. प्रत्येक नोंदीपुढे मात्र एक अंतर लिहिलेलं असे. बावन्न किलोमीटर. तीनशे दहा. आठशे पाच.

"हे अंतर कुठून?" मी एकदा विचारलं.

"एका ठिकाणापासून," ते म्हणाले. चहात बुडवलेलं बिस्किट विरघळेपर्यंत त्यांनी बाहेर काढलं नाही.

ते ठिकाण मला वहिनींनी सांगितलं. जर्मनीच्या बव्हेरियातलं एक लहानसं गाव. तिथल्या ब्रुअरीत त्यांचा एकुलता एक मुलगा, केदार, काम करतो. केमिकल इंजिनिअर झाल्यावर त्याने बिअर बनवायचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा सबनीस म्हणाले होते, "असले नसते उद्योग करणारा मुलगा मला नाही." केदारने ते अक्षरशः घेतलं. सात वर्षं तो फक्त आईशी बोलतो.

"आजूबाजूच्या बंद पडल्या की ह्यांना वाटतं, आता त्याचीही पडणार," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणतात, त्याला विचार. मी म्हणते, तुम्हीच विचारा. की लगेच ह्यांची वही उघडते."

दोहा तेव्हा फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी नटत होतं. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरचं घड्याळ उरलेले दिवस मोजत होतं, आणि कालपर्यंत ओसाड असलेल्या रस्त्यांच्या कडेला पूर्ण वाढलेल्या खजुरी पाहुण्यांसाठी ताठ उभ्या राहत होत्या. अशात केदारचा फोन आला. ब्रुअरीतून सुट्टी घेऊन तो बिअरचे नळ बसवणाऱ्या एका कंपनीच्या कामावर दोहाला येणार होता. स्टेडियममधल्या नळ्या तपासायला. आईला म्हणाला, बाबांची इच्छा असेल तर एक मॅच बघू.

"शेवटी पाइपलाइनच तपासतोय," सबनीस मला म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन तिकिटं काढली.

मुलासमोर बसून एक बिअर प्यायची, असंही त्यांनी ठरवलं. घरी बिअर आणायची तर इथे परवाना लागतो आणि परवान्यासाठी कंपनीचं पत्र. पंचवीस वर्षं प्रत्येक पार्टीत लिंबू-पुदिना पिणाऱ्या माणसाचा अर्ज बघून एचआरचा मल्याळी मॅनेजर हबकला.

"सबनीस सर, आप भी? घर में सब ठीक है ना?"

"इन्शाल्ला," सबनीस म्हणाले.

सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून त्यांनी दोन उंच पेलेही आणले. दुकानदाराच्या मते ते सरबताचे होते.

स्पर्धेला दोन दिवस उरले असताना, शुक्रवारी, भिंतीवर टकटक झाली. मी गेलो. चहा नव्हता.

"बातमी आहे," सबनीस म्हणाले. त्यांनी टॅब हातात घेतला नव्हता. "स्टेडियमच्या आवारात बिअर विकायची नाही असं ठरलंय."

"मग केदार?"

"नळच बंद, तर तपासणार काय?" वहिनी म्हणाल्या. "कंपनीने पाठवायचं रद्द केलं." त्यांनी नंबर लावून फोन सबनीसांपुढे धरला. सबनीसांनी तो घेतला, बोटाने लाल खूण दाबली, काच शर्टाला पुसली आणि परत दिला. त्या दिवशी वहिनींनी वय विचारलं नाही.

केदारच्या तिकिटावर मॅचला मी गेलो. मध्यंतरात सबनीस रांगेत उभे राहून दोन पेले घेऊन आले. एक मला दिला. दुसऱ्यातून त्यांनी घोट घेतला.

"कशी आहे?" मी विचारलं.

"साडेचार हजार किलोमीटर," ते म्हणाले.

पेल्यावर ‘अल्कोहोल शून्य टक्के’ असं छापलेलं होतं. तेव्हा पहिल्या परिच्छेदात काही दुरुस्ती करण्याची गरज नाही.