दामल्यांची राखीव जागा

दामल्यांना स्वतःच्या पायाचं माप माहीत नव्हतं. लक्ष्मी रोडवर चपलांच्या दुकानदारानं नंबर विचारला, तेव्हा ते म्हणाले, "थांबा, मंडळी शेजारच्या दुकानात आहेत. आल्या की सांगतील." त्यांची बायको शालन आली, "आठ" म्हणाली आणि विषय संपला. मी तिथेच होते, म्हणून खात्रीनं लिहिते.

मुलांनो, हे आपल्या समोरच्या दारातले दामलेकाका. कंपनीची बस त्यांना हिंजवडीला न्यायची. तिथे ते एका परदेशी गिऱ्हाइकाचा डेटाबेस सांभाळत. त्यांनी मला समजावलं ते असं: मशीनची मेमरी मोजकी. वारंवार लागणारी माहिती तिच्यात तयार ठेवली, की दर वेळी डिस्कवर शोधत बसावं लागत नाही. पण ती ठेवायची कुणी? डेटाबेसनं स्वतः, की खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमनं? यावरून त्यांचं मॅनेजरशी दोन वर्षं वाजत होतं. मॅनेजर म्हणे, सिस्टिमवर सोडा. दामले म्हणत, "उद्या काय लागणार, हे ज्याची माहिती त्यालाच कळतं. आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं म्हणजे निव्वळ नासाडी."

हाच नियम घरी. औषधांच्या वेळा, गॅसचा नंबर, नातेवाइकांची नावं, सगळं शालनच्या डोक्यात. म्हणून दामल्यांनी ते लक्षात ठेवायचं नाही. सगळ्या भाच्यांना ते सरसकट "काय राव" म्हणत.

"म्हणजे तुमचं डोकं रिकामं," मी एकदा म्हटलं.

"रिकामं नाही, काकू. राखीव."

"कशासाठी राखीव, ते विचारा," शालन आतून म्हणाली.

"ते अजून ठरलेलं नाही."

मशीन बंद करून चालू केलं, की मेमरी कोरी होते. तशा दिवशी दामले लवकर ऑफिसात जाऊन नेहमीचे प्रश्न त्याला आधीच विचारून ठेवत. पहिल्या गिऱ्हाइकासमोर ते अडखळू नये, एवढ्यासाठी.

मागच्या वर्षी शालनला अर्धांगवायूचा झटका आला. चालणं सुधारलं, पण नावं गेली. भेटायला आलेल्यांसमोर ती अडखळायची, मग ओशाळायची.

एका रविवारी मी मऊ भात घेऊन गेले. दामले तिच्यासमोर स्टूल ओढून बसले होते.

"आज कोण येणार?"

"नंदूचा मुलगा."

"नाव?"

शालन थांबली.

"ओंकार," ते हळूच म्हणाले. "आणि त्याची बायको?"

"मेघना."

"बघ, येतंय."

"अहो दामले," मी म्हटलं, "एकच गोष्ट दोन ठिकाणी?"

"जागा राखीव होती ना, काकू." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "शेवटचा प्रश्न. माझ्या चपलेचा नंबर?"

शालननं बराच विचार केला. "नऊ."

"बरोबर," दामले म्हणाले.

दाराशी त्यांची एक चप्पल उपडी पडली होती. निघताना मी ती सरळ केली. तळावर आठचा आकडा होता.