त्रिंबकपंतांची कुरकुर

पुण्यात संगमावर, पेशव्यांच्या दरबारी नेमलेल्या इंग्रज वकिलाच्या बंगल्यात मी कारकून होतो, तेव्हा तिथल्या एका साहेबाला मराठीची हौस लागली. एकदा त्याने विचारलं, "'ग्रंबल' म्हणजे तुमच्यात काय?"

"कुरकुर, किरकिर, पिरपिर, धुसफूस."

"चार शब्द! फरक काय?"

फरक मला पाठ होता, कारण शेजारी त्रिंबकपंत राहत. विहिरीचं पाणी गार लागलं की पंत कुरकुरत. भाजीवालीशी चाले ती किरकिर. दाढ दुखली की दिवसभर पिरपिर. आणि देवळात कीर्तनकार चुकला की नुसती नाकातून धुसफूस, तिथे बोलता येत नसे म्हणून.

साहेबाने सगळं लिहून घेतलं. मी पंतांना हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, "साहेबाचं अक्षर पाहिलंय मी. शाईत पडलेली मुंगी बरं लिहील."

त्याच वर्षी मी तापाने पडलो. बाराव्या दिवशी वैद्यांनी मान हलवली. ही कोपऱ्यात रडत बसली. तेवढ्यात पंत आले.

"वैद्यबुवा, नाडी बघताय की डुलकी काढताय? वहिनी, ही भिंत ओली आहे, दिसत नाही?" मग माझं अंथरूण स्वतः ओढत, "केवढा जड माणूस हा!"

तसेच भर उन्हात बुधवार पेठेत गेले आणि दुसरे वैद्य घेऊन आले. "पाय तुटले माझे!" एवढंच सांगितलं. पुढे रोज काढा आपल्या हाताने पाजत आणि माझ्या तोंड वाकडं करण्याला नावं ठेवत. मी वाचलो.

हिंडू-फिरू लागल्यावर नारळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. पंत एकटेच जेवत होते. मलाही त्यांनी पान वाढलं. भात करपलेला, आमटी अळणी. पंत मुकाट्याने जेवत होते.

न राहवून म्हटलं, "पंत, आमटीत मीठ नाही."

"ठाऊक आहे. मीच केली."

"आणि काही बोलला नाहीत?"

"कोणाला बोलू?" ते पानाकडे बघत म्हणाले. "ही जाऊन बारा वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी हिने त्यांना जेवायला बोलावलं, आणि मग रोजचंच झालं. त्या दिवशी पहिल्याच घासाला पंत म्हणाले, "वहिनी, आमटी फार तिखट झाली बुवा."

आणि तीनदा मागून घेतली.