वाढत्या अंगाचं चिलखत

वैष्णवीनं छातीचं चिलखत डोक्यावरून अंगात घातलं आणि ते खांद्यांवर न थांबता थेट कमरेवर जाऊन बसलं. शिरस्त्राणाच्या डोळ्यांसाठी ठेवलेल्या फटी तिच्या नाकाशी आल्या. पायांची कवचं तर इतकी सैल होती, की ती एक पाऊल पुढं आली आणि कवचं मागंच उभी राहिली. यवतमाळच्या स्पर्धेला चार दिवस उरले होते. भाव येईल म्हणून राखून ठेवलेल्या कापसाच्या ढिगावर तिचे वडील पुंडलिकराव बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच छताचा पंखा इतका निरखून पाहत होते.

"बाबा, हे असं कसं झालं?" वैष्णवीनं शिरस्त्राणाच्या आतूनच विचारलं.

"कागद फुगते कधी कधी," पुंडलिकराव पंख्याला म्हणाले.

"रेझिन लावल्यावर कागदाचा दगड होते बाबा. फुगन कुठून?"

कागद फुगला नव्हता, हे पुंडलिकरावांइतकं चांगलं दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं.

वैष्णवी एकोणीस वर्षांची, पुसदच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. उंची बरोबर पाच फूट. मोबाइलवरच्या एका खेळात रणकेतू नावाचा भालाईत आहे, त्याचं चिलखत अंगावर चढवून यवतमाळला एका कॉलेजच्या वेशभूषा स्पर्धेत उतरायचं, हे तिच्या मनानं घेतलं होतं. चिलखत कागदाचं. जाड कागदावर आकार छापून घ्यायचे, कापायचे, घड्या घालून नंबराला नंबर चिकटवायचा, मग बाहेरून रेझिन आणि आतून काचेच्या धाग्यांच्या कापडाचा थर. वर गॅरेजवाल्यांची पुट्टी, पॉलिश पेपर, रंग. चार महिने पोरगी कॉलेजातून आली की घड्या घालत बसली होती. बोटांची सालटं निघाली, पण तक्रार नाही.

पुंडलिकरावांना सुरुवातीला हा पोरखेळ वाटला. पण पहिल्या खांद्यावर टिचकी मारली आणि ठण्ण आवाज आला, त्या दिवसापासून गडी बदलला. फवारणीचे हातमोजे आणि मास्क चढवून ते रोज रेझिन कालवायला बसू लागले. महागावच्या बाजारात चहाच्या टपरीवर बसून त्यांनी अर्ध्या तालुक्याला सांगितलं, "आमच्या पोरीनं कागदाचं लोखंड केलं. येजा पाहाले." लोकही येऊन पाहून गेले.

घात झाला होता तो त्याआधीच, छपाईच्या दिवशी. वैष्णवीनं पेन ड्राइव्ह हातात देऊन बजावलं होतं, "शंभर टक्क्यांवरच काढाले सांगा. कमी नाई, जास्त नाई." आता पुंडलिकरावांच्या हातून आयुष्यात कधी काही कमी पडलं नव्हतं, आणि त्यांच्या घरातल्या बहुतेक भानगडींचं मूळ तेच होतं. चहात साखर चिमूटभर जास्त, पेरणीला बियाणं मूठभर जास्त. पोरीचा पाचवीतला गणवेश आठवीपर्यंत पुरला होता. झेरॉक्सच्या दुकानात धावजी मशीनसमोर बसला होता. त्याच्या कानाशी जाऊन पुंडलिकराव म्हणाले, "धावजी, जरासं मोठं काढ. दोन बोटं जास्त."

"दोन बोटं म्हंजे किती टक्के, भाऊ?"

"ते तू पाय. पोरगी वाढत्या अंगाची हाय."

धावजीनं वैष्णवीला शेवटचं पाहिलं होतं ते ती बालवाडीत असताना. त्यानं मोठा कागद घातला आणि विश्वासानं एकशेवीस दाबलं.

त्यानंतर एक थाप लपवायला दुसरी, असं चार महिने चाललं. कागद मोठे का, तर धावजीजवळ तेच होते. शिरस्त्राण सैल का, तर आत थर बसला की घट्ट होईल. खांदे बाहेर का येतात, तर रणकेतू आडव्या अंगाचाच असेल. वैष्णवीलाही ते पटत गेलं, कारण छातीचा भाग सगळ्यात शेवटी व्हायचा होता आणि तोवर अंदाज कशाचाच येत नव्हता.

आता आला.

"कापूस भरू ना आत," पुंडलिकराव ढिगावरून उतरत म्हणाले. "घरचाच तर हाय."

भरला. पाठीमागून दोन टोपल्या, पोटाशी तीन. वैष्णवीनं हात वर केला तेव्हा काखेतून कापूस बाहेर आला, वाकली तेव्हा गळ्यातून आला. सरकीसकटचा कापूस, पाच मिनिटांत ती अंग खाजवू लागली, आणि खाजवायला चिलखताच्या आत हात जाईना. स्वयंपाकघरातून तिची आई विमलताई आली आणि दारातच उभी राहिली.

"हे पोरगी हाय का गादी?" त्या म्हणाल्या. "काढा ते पहिले."

काढलं. वैष्णवी कापसावर बसली. ती रडली नाही, ओरडली नाही. नुसती बोटांवरची सालटं काढत राहिली. पोरीनं आरडाओरडा केला असता तर पुंडलिकरावांना सोसला असता. नजरेआड तरी करावं म्हणून त्यांनी चिलखत उचललं आणि छातीशी धरून आतल्या खोलीकडे निघाले.

"थांबा," विमलताई म्हणाल्या. "तसेच उभे राहा जरा."

पुंडलिकराव थांबले. सहा फूट उंच, रुंद छातीचा गडी. चिलखत या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत तंतोतंत.

"घाला ते."

"अवं, मी कायले?"

"घाला म्हणलं ना."

चिलखत बसलं. खांदे बसले, पायांची कवचं गुडघ्याखाली चपखल बसली. पाच फुटांचे एकशेवीस टक्के म्हणजे सहा फूट, हा हिशेब विमलताईंनी कागदावर केला नाही, पण नवऱ्याकडे असं पाहिलं की केल्यासारखाच होता.

"तुमच्याच मापाचं कसं काय झालं हो हे?"

मग सगळं बाहेर आलं. धावजी, दोन बोटं, वाढतं अंग, सगळं.

"बाबा," वैष्णवी सावकाश म्हणाली, "मी एकोणीस वर्षांची हाव. आता कुठं वाढू मी?"

"मले वाटलं, कमी नको पडाले," पुंडलिकराव म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान झाला होता. "माह्यापायी तुही सगयी मेहनत गेली."

वैष्णवीनं मान वर करून पाहिलं. बापाकडे नव्हे, चिलखताकडे. मग उठून तिनं पट्टा ओढून पाहिला, दोन पावलं मागं सरकली, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. मोबाइल काढून स्पर्धेचे नियम वाचले.

"घालणारा कोणीबी चालते," ती म्हणाली. "बनवणाऱ्याचं नाव लिहा लागते फक्त. बाबा, मिशी टोपात मावते का पाहा."

रविवारी चिलखत कापसात गुंडाळून गाडीनं यवतमाळला गेलं. पडद्यामागं वैष्णवीनं बापाच्या अंगावरचा कापूस वेचून काढला आणि दहा वेळा बजावलं, "फक्त चालाचं. इकून तिकडे, अन् तिकून इकडे. दुसरं काहीच कराचं नाई."

"नाई करत," पुंडलिकराव शिरस्त्राणातून म्हणाले. एकदा शंभर टक्क्यांचं ऐकलं नव्हतं, आता शब्दाबाहेर जायचं नाही, हे त्यांनी गाडीतच ठरवलं होतं.

ते भाला घेऊन रंगमंचावर आले. दिव्यात चिलखत असं चमकलं, की पहिल्या रांगेतला एक जण उठून कागद कुठाय ते शोधू लागला. पडद्याच्या फटीला वैष्णवीनं डोळा लावला. चार महिन्यांत प्रथमच ती आपलं काम लांबून बघत होती, आणि ते खरोखर देखणं होतं. एवढ्यात सूत्रसंचालक पोरगा माइकवर म्हणाला, "रणकेतू, तुमचा तो प्रसिद्ध वार दाखवा."

पुंडलिकराव थबकले. खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. घाम डोळ्यांत उतरला होता, समोर सगळं धूसर. लोक टाळ्या वाजवत थांबले होते आणि पोरीचं नाव पणाला लागलं होतं. डोकं चालेना तेव्हा अंग आपोआप चाललं. पाठीवर वजन होतं, उजव्या हातात भाल्याचा लांब दांडा होता, आणि असं असताना काय करायचं ते त्या अंगाला पक्कं ठाऊक होतं. डावा हात कमरेशी वरखाली होऊ लागला. एक पाऊल, भाला डावीकडे. एक पाऊल, भाला उजवीकडे. संथ, एकसारखं, घाई नाही. रंगमंचाच्या कडेला शेताचा बांध लागल्यासारखे ते जागच्या जागी वळले, बरोबर पिकाची एक ओळ सोडून परत निघाले आणि कपाशी फवारावी तसा अख्खा रंगमंच फवारून काढला.

पडद्यामागं वैष्णवीनं कपाळाला हात लावला. शेजारी विमलताई म्हणाल्या, "वारा पाहून चालून राह्यले."

सभागृह मात्र उभं राहिलं होतं. शिट्ट्या, टाळ्या, मोबाइल वर. परीक्षक सुरभी मॅडम नागपूरहून आल्या होत्या, तो खेळ रात्रंदिवस खेळणाऱ्या. त्या माइक घेऊन वर आल्या. "एवढा शांत, एवढा थंड योद्धा मी पाहिला नाही," त्या म्हणाल्या. "ही चाल, हा वार. किती दिवस सराव केलात?"

"तीस वर्षं," शिरस्त्राणातून आवाज आला.

लोक पोट धरून हसले. पुंडलिकरावांनी खरं तेच सांगितलं होतं.

"आणि आपलं नाव?"

"माहं कायले पायजे? पोरीचं घ्या. वैष्णवी. कागदाचं लोखंड तिनं केलं."

पहिला नंबर वैष्णवीचा आला. तिला वर बोलावलं, ढाल दिली, आणि सोबत विजेत्यासाठी राखलेला काळा टी-शर्ट दिला. एकच माप उरलं होतं. तिनं तो तिथंच अंगात घातला, तर बाह्या कोपराखाली आणि घेर गुडघ्यापर्यंत. सुरभी मॅडम ओशाळून म्हणाल्या, "फारच मोठा झाला गं. लहान मागवून देऊ का?"

पुंडलिकराव सभागृहाच्या पंख्याकडे पाहू लागले. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला कागदाच्या लोखंडाची बोटं शिरस्त्राणाच्या फटीत शिरत नव्हती.

"राहू द्या मॅडम," वैष्णवी बापाच्या शेजारी ताठ उभी राहत म्हणाली. "वाढत्या अंगाची हाव मी."